काकांना सांगा, बॅटरी आणू नका

प्रश्न :

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची १९६४ ची फियाट ११०० डी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, त्याला आता चौदा वर्षं झाली. ‘पुढच्या महिन्यात काढू बाहेर’ असं ते म्हणत राहिले आणि आम्ही मान डोलावत राहिलो. आता चारही टायर बसलेत, डिकीत उंदरांनी घर केलंय, दारांच्या खालच्या कडांना रंगाचे फोड आलेत. गेल्या महिन्यात दार उघडलं तर समोरच्या कप्प्यात त्यांची वही मिळाली. पेट्रोल किती भरलं, ऑइल कधी बदललं, सगळं तारीखवार. ती वाचली आणि ठरवलं की गाडी पुन्हा उभी करायची, अगदी शोरूममधून आणल्यासारखी. येत्या मार्चमध्ये बाबांना ऐंशी पूर्ण झाली असती, तोपर्यंत.

काका म्हणतात, “नवी बॅटरी टाक, ताजं पेट्रोल ओत, चार जण धक्का मारू. फियाट आहे ती, सुरू होईल!” ते या रविवारी येणार आहेत. दादा म्हणतो, भंगारात दे, पैसे अर्धे अर्धे. मला गाडी चालवता येते, त्यापलीकडे काही कळत नाही. आपण तिची ही अवस्था होऊ दिली, ही टोचणी मात्र जात नाही. सुरुवात कुठून करू?

– बाबांची मुलगी

उत्तर :

काकांना आजच फोन करा. रविवारी जरूर या म्हणावं, पण बॅटरी आणू नका.

त्यांचा हेतू चांगला आहे, आणि जुनी फियाट चिवट असते हेही खरं. पण त्यांचा उपाय चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा आहे. चौदा वर्षांनी प्रकरण वेगळं होतं. गाडी शेवटची बंद झाली तेव्हा चारपैकी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. तिथून ओल आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो. कधी कधी रिंगा त्या गंजाने भिंतीलाच चिकटतात. बेअरिंगवरचं ऑइल केव्हाच ओघळून गेलेलं असतं आणि खाली साचलेल्या जुन्या ऑइलमध्ये ओल आणि आम्लं मिसळलेली असतात. अशा इंजिनाला सेल्फ मारला तर एक वेळ सेल्फ हार मानतो. चार माणसांचा धक्का हार मानत नाही. गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधून त्या अडकलेल्या पिस्टनवर येतं. रिंग तुटते, चिकटलेल्या व्हॉल्व्हला ढकलणारी दांडी, पुशरॉड, वाकते, आणि थोडक्यात सुटलं असतं ते इंजिन पूर्ण खोलायची वेळ येते. शिवाय समजा, धक्का मारून गाडी खरंच सुरू झाली. थांबवणार कशाने? ब्रेक आहेत असं धरूनच चालू नका.

रविवार फुकट घालवायचा नाही. काकांकडून काम करून घ्या, पण दुसरं. एक चांगला टॉर्च, एक बोथट जुना स्क्रू-ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, मोबाइलचा कॅमेरा आणि बाबांची वही एवढंच जवळ हवं. हातमोजे आणि मास्क घालूनच डिकी उघडा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या करून पुसा. त्या धुळीने माणसं आजारी पडतात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात टायर आहेत, उंदीर आहेत, इंजिन आहे. माझं लक्ष मात्र ‘दारांच्या खालच्या कडांना फोड आलेत’ या अर्ध्या वाक्याने वेधलं. गाडी ठेवायची की सोडायची हे तिथेच ठरणार आहे, इंजिनापाशी नाही. फियाटने ११०० चं हे घराणं १९५३ मध्ये नव्याने आणलं तेव्हा खालची वेगळी चॅसी काढून टाकली. मजला, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छप्पर असं सगळं मिळून एकच खोकं. १९६२ मध्ये आलेली ‘डी’ त्याच घराण्यातली. स्वतंत्र चॅसीच्या गाडीत दाराखालचा पत्रा सडला तर ती बरीचशी वरवरची जखम असते, सांगाडा खाली शाबूत राहतो. तुमच्या गाडीत तो पत्रा हाच सांगाडा आहे. म्हणून डेंटरने ‘ताई, वरून पट्टी मारून पुट्टी भरून देतो, दिसणारसुद्धा नाही’ असं म्हटलं की तिथून निघा. दिसणार नाही, हीच तर अडचण आहे.

तपासायचं कसं? पायाखालची जाजमं आणि रबरी चटया काढा. मजल्यावर, दाराखालच्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या पुढे-मागे जिथे पाट्यांच्या स्प्रिंगा बॉडीला धरल्या आहेत त्या जागांवर, आणि डिकीच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणकन वाजतो, सडलेला बसक्या आवाजात बोलतो. शंका आली तिथे टोक दाबा. रंगाचा टवका उडाला आणि खाली धातू लागला तर ठीक. टोक आत गेलं आणि तांबूस भुगा गळला तर तिथे पत्रा उरलेला नाही. चुंबक चिकटत नसेल तिथे पूर्वीच कुणीतरी पुट्टी भरलेली आहे. प्रत्येक जागेचा फोटो काढा, खडूने खूण करा.

मग दारं. चारही दारं हळू उघडून बंद करा. उघडल्यावर दार किंचित खाली बसतं का? बंद केल्यावर दाराभोवतीची फट वर आणि खाली वेगवेगळी दिसते का? बिजागरी झिजल्यामुळेही तसं होतं, म्हणून उघडं दार हाताने वर उचलून पाहा. बिजागरी खुळखुळली नाही आणि तरीही फट वाकडी असेल, तर मधून बॉडी बसली आहे. एवढं एक निरीक्षण नीट लिहून ठेवलंत तर पुढचा कारागीर तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलेल.

एक ताकीद. या तपासणीत कुणीही गाडीखाली जायचं नाही. जॅक लावायची जागा त्याच सडक्या पट्टीवर असते, आणि जॅक पत्र्यातून आरपार जाऊन गाडी खाली आलेली आहे, एकदा नाही, अनेकदा. खाली जायची वेळ येईल तेव्हा भक्कम जागी लावलेले स्टँड, चाकांना ओंडके, आणि काम जाणणारा माणूस. काकांचा उत्साह इथेही आवरा.

तपासणीतून तीनपैकी एक चित्र निघेल. फक्त दारांच्या कडा आणि मडगार्डच्या कोपऱ्यांना गंज असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कामाला लागा. मजल्याला भोकं आणि एका बाजूची पट्टी गेलेली असेल तर काम मोठं आहे पण होण्याजोगं आहे. ते करणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारा: पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करणार ना? पुठ्ठ्याच्या खोक्याची कड कापली की खोकं कसं ढिलं पडतं, तसं पट्टी कापली की ही बॉडी मधून खचते, आणि खचलेल्या अवस्थेत नवी पट्टी बसवली तर दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. ‘हो, त्याशिवाय कापत नाही’ असं उत्तर तत्काळ यायला हवं. तो विचारात पडला तर दुसरा शोधा. तिसरं चित्र म्हणजे दोन्ही पट्ट्या, मजला आणि मागच्या स्प्रिंगांच्या जागा, सगळंच गेलेलं. मग मात्र शांतपणे विचार करा. अशी गाडीही उभी राहते, पण बऱ्याचदा त्यातली निम्मी गाडी नवी असते. ती दुसऱ्या फियाटवाल्याला सुट्या भागांसाठी देणं यात बाबांचा काही अपमान नाही. काच, दिवे, गिअरबॉक्स, हँडल असं कितीतरी सामान दुसरी गाडी रस्त्यावर आणतं. भंगारवाला ते वजनावर तोडतो. दादाला हा फरक सांगा.

दादाचं निघालंच आहे तर बोलून टाकू. त्याचं म्हणणं तुम्हाला रुक्ष वाटलं असेल, पण ‘अर्धे अर्धे’ या दोन शब्दांत त्याने महत्त्वाची गोष्ट सांगितली: गाडी त्याचीही आहे. वारस किती, कागद कुणाच्या नावावर होणार, त्याची लेखी संमती, हे मिटल्याशिवाय एकही रुपया घालू नका. गाडी आजच्या अवस्थेत, जशी आहे तशी, एखाद्या जाणकाराकडून मोलवून घ्या आणि त्यातला दादाचा हिस्सा आत्ताच देऊन टाका. गाडी लखलखीत झाल्यावर हिशेबाला बसलात तर तुमच्या घामाचे पैसे धरायचे की नाही यावर दोघांची तोंडं फिरतील. नोंदणीची कागदपत्रं शोधा, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहा, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. नंबर जुळत नसतील तर आधी ते निस्तरा. कारण बाबांनी मधे कधी इंजिन बदललेलं असू शकतं, आणि ते वहीत सापडेल.

वहीबद्दल थोडं. तुम्हाला ती आठवण म्हणून प्रिय आहे, पण रविवारी ती हिशेबाने वाचा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मधेमधे ऑइल भरल्याच्या नोंदी वाढल्या आहेत का? तसं असेल तर इंजिन उभं राहण्याआधीच रिंगा झिजत आल्या होत्या, आणि ते सुरू झालं तरी धूर काढेल. ब्रेक ऑइल पुन्हा पुन्हा भरल्याचं दिसतं का? मग कुठेतरी गळती होती. पेट्रोलचे लिटर आणि किलोमीटर दोन्ही लिहिले असतील तर ॲव्हरेज काढा. ते हळूहळू घसरलं असेल तर दोष कार्बोरेटरचा किंवा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा. चांगला मिस्त्री गाडीकडे पाहून जे ओळखेल त्यातलं बरंच बाबांनी तुम्हाला आधीच लिहून दिलेलं आहे.

पत्र्याचा निकाल चांगला लागला की पुढचा क्रम असा: ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग. रंग अगदी शेवटी. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात, कारण रंग चारचौघांना दिसतो.

तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा), एकच वाट. आजच्या गाड्यांमध्ये दोन स्वतंत्र वाटा असतात, एक फुटली तर दुसरी निम्मे ब्रेक तरी देते. इथे एका चाकाचा होज पाइप फुटला की पायाखालचं पेडल थेट तळाला. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणजे चौदा वर्षं ते पाणी आतून चाकांचे सिलिंडर गंजवत बसलेलं आहे. म्हणून इथे ‘साफ करून बघू’ नको. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर नवे किंवा नव्याने अस्तर केलेले, रबरी होज पाइप सगळे नवे, धातूच्या नळ्या जिथे खवले धरलेत तिथे नव्या. जुना होज वरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि चाक जखडून बसतं. आणखी एक: त्या काळच्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर आतली राखाडी धूळ कुणी हवेच्या पाइपने उडवायला लागला तर त्याला थांबवा. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. हँडब्रेकची केबलही जाम असणार, ती सोडवायला वेळ लागतो.

टायर बघायचीसुद्धा गरज नाही, नवे घ्या. तरी कुतूहल असेल तर टायरच्या कडेवर चार आकडे सापडतात का बघा: २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर टायर २००० च्याही आधीचा. नक्षी कितीही खोल असो, रबर मेलेलं आहे.

आता इंजिन, ज्यासाठी काका केव्हाचे थांबलेत. चारही स्पार्क प्लग काढायचे, वायरींना चिकटपट्टीने नंबर द्यायचे. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे मिश्रण सोडायचं, अर्धं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, अर्धं ॲसिटोन. मग निदान आठवडाभर हात लावायचा नाही, मधे एकदा पुन्हा थोडं सोडायचं. ॲसिटोन चटकन पेट घेतं, शेडमध्ये वारा खेळता हवा आणि सिगारेट बाहेर. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये घालून इंजिनाच्या पुढच्या टोकाला असलेल्या क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावायचा आणि हाताच्या जोराने, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, थोडं थोडं हलवायचं. पान्याला लांब पाइप लावायचा नाही. इंजिन केसभर जरी हललं तरी जिंकलात, उद्या दोन केस हलेल. अजिबात हललंच नाही तर आणखी आठवडा द्या, आणि मग हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, उघडा.

पुली पूर्ण फिरायला लागली की वरचं रॉकरचं झाकण काढा. आठ व्हॉल्व्ह दिसतील. एकाने पाना फिरवायचा, दुसऱ्याने टॉर्च धरून मोजायचं: आठही खाली जाऊन वर येतात का? एखादा खाली गेला आणि वर यायला आळस करत असेल तर तो चिकटलाय, त्याच्या दांडीवर पातळ तेल सोडून हलकेच मोकळा करायचा. हे दृश्य काकांनी तुम्हाला दाखवावं अशी माझी इच्छा आहे. इंजिन म्हणजे काय, हे तुम्हाला त्या पंधरा मिनिटांत कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल. मग जुनं ऑइल गरम न करता जसं निघेल तसं काढा, खालचं भांडं उतरवून त्यातला गाळ खरवडा, फिल्टर बदला, नवं ऑइल भरा. प्लग बाहेरच ठेवून सेल्फ मारायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. बॅटरी आणायची ती या दिवशी.

सुरू करताना टाकीला हात लावू नका. जुन्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर होतो, वासानेच कळतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर त्याने ओलही ओढलेली असते आणि टाकीच्या तळाला पाणी जमून गंज धरतो. म्हणून पहिल्यांदा वेगळ्या डब्यातून पेट्रोल द्यायचं, आणि टाकी उतरवून स्वतंत्र साफ करून घ्यायची. टाकीला भोक असेल आणि कुणी ‘रिकामीच आहे, इथल्या इथे वेल्ड करतो’ म्हणालं तर त्याला गेटाबाहेर काढा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारे घ्या. जुनं रबर त्यात फुगतं, तडकतं, आणि गळतं ते नेमकं गरम इंजिनावर.

वायरिंग उंदरांनी किती खाल्लंय ते बघा. तुटलेल्या तेवढ्याच वायरी जोडत बसण्यापेक्षा संपूर्ण नवीन संच टाकणं बरं. वरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असेल तर आज शाबूत दिसणारी वायर उद्या धुमसेल. बॅटरीचं कनेक्शन हाताने तोडता येईल असं एक बटण बसवा आणि गाडी उभी केली की ते तोडत जा. एक अग्निशामक नळकांडं हाताशी. जुन्या गाड्या रस्त्यावर बंद पडतात त्याचं दुःख नसतं, पेटतात त्याचं असतं.

रेडिएटरचं इथे थोडक्यात: पाणी काढा, उलट्या दिशेने धुऊन घ्या, होज बदला, साधं पाणी नको, कूलंट घाला. क्लच प्लेट गंजाने चिकटलेली निघण्याची शक्यता बरीच आहे. पेडल दाबूनही गिअर पडत नसेल तर गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवा.

माणूस निवडताना एवढं बघा. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारी जुनी यंत्रणा) आणि कार्बोरेटरवर हात बसलेला फिटर हवा, कॉम्प्युटर लावून गाडी तपासणारा इथे उपयोगाचा नाही. त्याच्याकडे सध्या चालू असलेलं काम बघायला मागा, झालेलं नाही. झालेल्या गाडीवर रंग असतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि एका टप्प्याचं काम संपल्याशिवाय पुढचं काही खोलू देऊ नका. वारशाच्या गाड्यांचा खरा शेवट बऱ्याचदा गंजाने होत नाही, हौसेने पूर्ण खोललेल्या आणि मग तशाच पडून राहिलेल्या गाडीने होतो. दिवे एका खोक्यात, काचा पलंगाखाली, नटबोल्ट दुधाच्या डब्यात, आणि खोलणारा मिस्त्री दुसऱ्या गावी. खोललेल्या प्रत्येक वस्तूची पिशवी, पिशवीवर नाव, खोलण्याआधी फोटो. हे काम तुमचं, मिस्त्रीचं नाही. ‘मला काही कळत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. हे करता करता कळायला लागेल.

राहिलं ते ‘शोरूममधून आणल्यासारखी’. इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

जुन्या मोटारींची ‘फिवा’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिने २०१२ मध्ये एक सनद मान्य केली, ट्यूरिन सनद. गंमत म्हणजे फियाटचा जन्म याच ट्यूरिन शहरातला, १८९९ चा, आणि ही सनद ज्या व्हेनिस सनदेच्या वळणावर लिहिली, ती जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद १९६४ ची, म्हणजे तुमच्या गाडीच्या वयाची. ट्यूरिन सनदेचं सांगणं थोडक्यात असं की जुन्या गाडीला शक्य तितका कमी हात लावा. जे टिकलंय ते टिकवा, बदलावंच लागलं तर काय बदललं ते ओळखू येईल असं ठेवा. गाडी कशी वापरली गेली याच्या खुणा हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे, त्या पुसून टाकण्यात शहाणपण नाही. हे काही कायद्याचं बंधन नाही, पण विचार करण्याजोगं आहे. विशेषतः तुमच्यासारखीने, जिला ती विकायची नाही.

कारण १९६४ ची कोरी फियाट ही बाबांची गाडी नव्हतीच. त्यांची गाडी म्हणजे स्टीअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याची झिजलेली मूठ, ड्रायव्हरच्या बाजूला दबलेली सीट, खिडकीच्या कडेवर कोपर टेकून टेकून उडालेला रंग. पेंटरच्या हातात गाडी दिलीत की तो हे सगळं दोन दिवसांत घासून काढेल आणि त्याचे पैसेही घेईल. नंतर ते परत आणता येत नाही. उलट क्रम मात्र कधीही शक्य आहे: आज ठेवलं आणि पाच वर्षांनी नकोसं वाटलं तर तेव्हा रंगवा. म्हणून जीव सांभाळणारं सगळं नवं करा, ब्रेक, टायर, वायरी, पाइप, पत्रा. डोळ्यांना दिसणारं जितकं जुनं ठेवता येईल तितकं ठेवा. आधी साध्या साबणाने धुवा, मग हलकं पॉलिश करून बघा. चौदा वर्षांच्या धुळीखाली रंग अपेक्षेपेक्षा बरा निघतो. बंपरच्या क्रोमवरचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या फॉइलचा ओला बोळा फिरवून बरेचसे जातात, पुन्हा क्रोम चढवायची घाई नको. जुना रंग घासायची वेळ आलीच तर कोरडा घासू देऊ नका, त्यात शिसं असू शकतं.

मडगार्डला एखादा पोचा असेल तर पेंटरने विचारलं की लगेच ‘काढून टाक’ म्हणू नका. तो कुणी, कुठे पाडला हे आईला, दादाला, काकांना विचारा. ठेवायचा की काढायचा हे मग ठरवा.

मार्चचं म्हणाल तर ती तारीख सोडून द्या. तारखेच्या धाकाने पहिला बळी जातो तो ब्रेकचा, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. मार्चपर्यंत पत्र्याचा निकाल लागलेला असेल, कागद तुमच्या नावावर झालेले असतील आणि इंजिन हाताने फिरत असेल, तर तुम्ही अगदी वेळेवर आहात. त्या दिवशी गाडी धुऊन सगळ्यांना आत बसवा, सुरू नाही झाली तरी चालेल.

टोचणीबद्दल फार लिहीत नाही. गाडी बाहेर काढायची नाही हे चौदा वर्षांतली पहिली बारा वर्षं बाबांनी स्वतः ठरवलं होतं. ‘पुढच्या महिन्यात’ हे उत्तर त्यांचं होतं. किल्ली त्यांच्या हातातून काढून घेणं तुम्हाला जमलं नाही, आणि ते न जमणंच बरं होतं असं मला वाटतं. उरलेली दोन वर्षं तुमची, आणि बाप गेल्यावर दोन वर्षं शेडचं दार उघडवत नाही यात नवल काही नाही.

गाडी चालू झाल्यावरची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा तुम्ही हे पत्र वाचणार नाही. ती पुन्हा झाकून ठेवू नका. दर पंधरवड्याला इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. उभं करून पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणं म्हणजे चालवणं नव्हे, त्याने उलट इंजिनात ओल साचते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. आणि दादालाही चालवायला द्या. त्याने हिस्सा घेतला असला तरी.

रविवारी स्क्रू-ड्रायव्हर कुठे कुठे आत गेला तेवढं फोटोंसह कळवा. मागच्या स्प्रिंगांच्या जागा दोन्ही बाजूंच्या बघा, एका बाजूची बरी निघाली म्हणून दुसरी तशीच असेल असं धरू नका.